पान पाणी कसं फोडतं: खिडकीतल्या बरणीपासून मँगनीजच्या गाभ्यापर्यंत

मुलगी अकरावीला गेली तेव्हा प्रकाशसंश्लेषणाचा धडा मी तिच्यासोबत पुन्हा पहिल्यापासून वाचला. प्रकाशामुळे पाण्याचं अपघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो, अशी एक ओळ त्यात होती आणि लगेच पुढे नावांची रांग सुरू. आपल्या प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन ज्या क्रियेतून येतो ती एका ओळीत उरकावी, हे मला पटेना. मग आम्ही दोघींनी घरी प्रयोग केले, तिच्या शिक्षकांना प्रश्न विचारले, जुन्या शोधांची माहिती शोधून वाचली. तेव्हा लक्षात आलं की हा विषय उलट्या क्रमाने हाताळला जातो: आधी नावं, मग आकृती, प्रयोग शेवटी. तुम्ही आधी बुडबुडा बघा. मग तो पाण्यातूनच आला याचा पुरावा समजून घ्या. आतल्या यंत्रणेकडे त्यानंतर वळा, म्हणजे नावं आपोआप जागेवर बसतात.

मराठी माध्यमातून अकरावीला गेलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सोसायटीत काहीतरी खरोखर करून दाखवायचं आहे अशी मंडळी, यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मुंबईच्या छोट्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जमेल एवढंच सामान यात आहे. शेवटच्या पायरीला मात्र कॉलेजची प्रयोगशाळा लागेल.

१. समीकरण आधी दुरुस्त करून घ्या

शाळेत आपण पाठ केलेलं असतं: ६ कार्बन डायऑक्साइड आणि ६ पाणी, त्यातून १ ग्लुकोज आणि ६ ऑक्सिजन. जमाखर्च म्हणून ते बरोबर आहे, पण त्यातून एक गैरसमज जन्मतो. बाहेर पडणाऱ्या ६ ऑक्सिजन रेणूंमध्ये अणू असतात १२. ६ पाण्याच्या रेणूंमध्ये ऑक्सिजनचे अणू फक्त ६. मग उरलेले कार्बन डायऑक्साइडमधून आले असणार, असं मूल सरळ समजतं. प्रत्यक्षात बाराही अणू पाण्यातून येतात.

म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर असं लिहा:

६ कार्बन डायऑक्साइड + १२ पाणी → १ ग्लुकोज + ६ ऑक्सिजन + ६ पाणी

उजवीकडचं पाणी नव्याने तयार झालेलं आहे, त्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडचा. डावीकडचं १२ पाणी पूर्ण फुटतं. दोन्हीकडून ६ पाणी "कापलं" की शाळेतलं समीकरण मिळतं, आणि त्याच कापाकापीत खरी गोष्ट हरवते.

दुसरी दुरुस्ती याहून महत्त्वाची. ऊन पाण्यावर पडलं म्हणून पाणी फुटत नाही. तसं असतं तर गच्चीवरच्या टाकीत दिवसभर ऑक्सिजन आणि हायड्रोजन तयार झाला असता. डोळ्यांना दिसणारा प्रकाश पाणी जवळजवळ शोषतच नाही. प्रकाश शोषतं ते हरितद्रव्य. त्यातून एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि ती रिकामी जागा इतक्या जोराने इलेक्ट्रॉन ओढते की शेवटी पाण्यालाच तो द्यावा लागतो. या लेखात पुढे जे काही आहे ते या एका वाक्याचा विस्तार आहे.

२. सामान जमवा

- हायड्रिलाच्या ताज्या, हिरव्यागार डहाळ्या. मत्स्यपेटीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. क्रॉफर्ड मार्केटजवळ अशी दुकानं आहेत, कुर्ल्याला रविवारी भरणाऱ्या बाजारातही बघा. हायड्रिला नसेल तर कबोंबा चालेल.
- पालकाची एक जुडी.
- खाण्याचा सोडा.
- उंच काचेचा ग्लास किंवा बरणी, छोटं नरसाळं, परीक्षानळी. काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत सुटं मिळतं.
- १० मिलीलिटरची सुई नसलेली सिरिंज, कोणत्याही मेडिकलमधून.
- कागदाला भोकं पाडायचा पंच.
- भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब.
- पांढऱ्या एलईडीचा टेबल लॅम्प, मोजपट्टी, घड्याळ, काळं कापड, अगरबत्ती.

सोडा घेताना नाव नीट वाचा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, ती पाण्यात पडली की स्वतःच फसफसते आणि सगळा प्रयोग फुकट. फळांच्या चवीची आम्लपित्ताची पावडर आणि कपडे धुण्याचा सोडा, दोन्ही नकोत.

पवईच्या तलावातून किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती उपटून आणू नका. उद्यानातून काही उचलणं हा गुन्हा आहे. प्रयोग झाल्यावर हायड्रिला मोरीत, नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका, कारण तुकड्यातूनही ती वाढते आणि पाणी भरून टाकते. उन्हात कडक वाळवून कुंडीत घाला.

३. हायड्रिलाचे बुडबुडे मोजा

नळाचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा. एकतर त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. दुसरं कारण मोठं आहे: दाबाखाली आलेल्या नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, आणि पाणी घरात जरा कोमट झालं की ती हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात भांड्याच्या काठाला आणि पानांना चिकटते. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पानाभोवती चांदीसारखे मणी दिसतात, फोटो काढले जातात, पण ती साधी हवा असते.

सकाळी लिटरभर पाण्यात पाव चमचा सोडा विरघळवा. त्यातून वनस्पतीला कार्बन मिळतो. डहाळी बोटभर लांबीची घ्या, देठ पाण्याखालीच धारदार कात्रीने तिरपा कापा आणि कापलेलं टोक वर राहील अशी ती बरणीत ठेवा. तरंगत असेल तर शेंड्याकडे स्टीलची क्लिप लावा. आता दिवा लावा आणि पाच-दहा मिनिटं काहीही मोजू नका, वनस्पतीला प्रकाशाची सवय होऊ द्या. मग कापलेल्या टोकातून एकामागून एक बुडबुडे ठरावीक लयीत वर यायला लागतात. ही लय हीच खूण. चिकटलेल्या हवेला लय नसते.

दिवा २० सेंटीमीटरवर ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते लिहा, मग ४० सेंटीमीटरवर. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथा हिस्सा होतो, बुडबुडेही बरेच कमी व्हायला हवेत. अगदी चौथा हिस्सा येईलच असं नाही, कारण लॅम्पच्या मागे परावर्तक असतो आणि खोलीतला उजेडही त्यात मिसळतो. जुना पिवळा बल्ब वापरू नका. तो पाणी तापवतो, आणि मग पुन्हा तीच विरघळलेली हवा बाहेर येते.

खात्रीसाठी दोन गोष्टी कराच. बरणीवर काळं कापड टाका. पाणी तेवढंच कोमट असूनही काही मिनिटांत लय थांबली पाहिजे. शिवाय त्याच बरणीत प्लास्टिकच्या पिशवीची एक पट्टी बुडवून ठेवा. पट्टीवरही तितकेच बुडबुडे दिसले तर तुम्ही हवा मोजता आहात, प्रयोग नव्या पाण्याने पुन्हा लावा.

मुंबईत ऋतूचा फरक जाणवतो. मार्च ते मे पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं ऊन पुरेसं असतं. दुपारचं थेट ऊन मात्र टाळा, पाणी तापून डहाळी मऊ पडते. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीवर विसंबू नका, दिवाच वापरा. समोरच्या इमारतीची सावली खिडकीवर कधी येते तेही आधी बघून ठेवा, नाहीतर सावलीने कमी झालेले बुडबुडे तुम्ही भलत्याच कारणाच्या नावावर लिहाल.

वायू गोळा करायचा असेल तर डहाळ्यांवर उलटं नरसाळं आणि त्याच्या नळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली परीक्षानळी पालथी घाला. दोन-तीन दिवस उजेडात राहू द्या. मग नळीचं तोंड पाण्याखालीच अंगठ्याने बंद करून ती बाहेर काढा, सरळ करा आणि ज्योत विझवलेली, टोकाला निखारा असलेली अगरबत्ती आत सोडा. निखारा झळाळून उठतो. तो वायू निव्वळ ऑक्सिजन नसतो, पाण्यातला नायट्रोजनही त्यात शिरतो, म्हणून दर वेळी ज्योत पेटेलच असं नाही. झळाळी पुरे.

इथे मुलं हमखास विचारतात: पाणी फुटतंय तर बरणीतली पातळी कमी का होत नाही? हिशोब करून दाखवा. ३६ ग्रॅम पाणी फुटलं की ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. खोलीच्या तापमानाला १ मिलीलिटर ऑक्सिजन जमला तर त्यासाठी फुटलेलं पाणी जेमतेम दीड मिलीग्रॅम. एका थेंबातसुद्धा त्याच्या कितीतरी पट पाणी असतं.

जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास याच हायड्रिलावर केला आणि बाहेर पडणारा वायू आपोआप नोंदणारं उपकरण बनवलं. तुमच्या ओट्यावरच्या बरणीला एवढी मोठी परंपरा आहे, हे मुलांना जरूर सांगा.

४. पालकाच्या चकत्या तरंगवा

बुडबुडे मोजताना दोघांचे आकडे जुळत नाहीत. गटात करायचं असेल तर मला हा प्रयोग जास्त आवडतो, कारण इथे मोजणीवरून भांडण होत नाही.

लिटरभर पाण्यात सपाट अर्धा चमचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब घाला. फेस झाला तर लिक्विड जास्त पडलं, पाणी घालून पातळ करा. पालकाच्या पानांतून शिरा टाळून पंचाने दहा चकत्या पाडा. पान फ्रिजमधून काढलेलं असेल तर आधी थोडा वेळ पाण्यात देठ बुडवून उजेडात ठेवा. अळूची पानं घेऊ नका, त्यांच्यावर पाणी ठरत नाही.

चकत्या सिरिंजमध्ये टाका, दट्ट्या बसवा, हवा बाहेर काढा आणि थोडं द्रावण ओढून घ्या. आता सिरिंजचं टोक बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या मागे खेचा, दहा सेकंद धरा, सोडा. पानाच्या आतल्या पोकळ्यांतली हवा निघते आणि तिथे द्रावण शिरतं. दोन-तीनदा केलं की चकत्या बुडतात. त्यापेक्षा जास्त वेळा खेचू नका, पेशी फुटतात.

ग्लासात ओता, वरून दिव्याचा उजेड पाडा. दर मिनिटाला ग्लास हलकेच हलवा आणि किती चकत्या वर आल्या ते लिहा. आतल्या पोकळ्यांत ऑक्सिजन साठला की चकती आपोआप वर येते. चांगल्या उजेडात दहा-पंधरा मिनिटांत निम्म्या तरी तरंगतात. सगळ्या वर आल्या की ग्लास कपाटात अंधारात ठेवा. बऱ्याच वेळाने त्या पुन्हा बुडायला लागतात, कारण पान श्वसनासाठी तोच ऑक्सिजन वापरतं.

आता दुसरा ग्लास करा, त्यात उकळून थंड केलेलं पाणी, सोडा नाही. या चकत्या तळालाच राहतात. आणि इथेच बहुतेक जण निष्कर्ष काढतात: सोडा नाही, कार्बन डायऑक्साइड नाही, म्हणून ऑक्सिजन नाही, अर्थात ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधूनच येतो! प्रयोग बरोबर, निष्कर्ष चूक. याचं उत्तर नवव्या पायरीत येईल. तोवर वहीत हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

५. पुरावा तारखांच्या क्रमाने वाचा

यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवलं की पाण्यात बुडवलेल्या वनस्पतीतून बुडबुडे उजेडातच येतात आणि फक्त हिरव्या भागांतून येतात. पण ते कशातून येतात हे त्यानंतर दीडशे वर्षं उलगडलं नव्हतं. बराच काळ कार्बन डायऑक्साइडलाच मान होता.

१९३० च्या दशकात कॉर्नेलिस व्हॅन नील जांभळ्या गंधक-जिवाणूंवर काम करत होते. हे जिवाणू प्रकाशावर जगतात, कार्बन डायऑक्साइड घेतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि बाहेर टाकतात गंधक. ऑक्सिजन नाहीच. व्हॅन नील यांचा तर्क सरळ होता: हायड्रोजन सल्फाइडमधून गंधक निघत असेल, तर पाण्यातून ऑक्सिजन निघत असणार. मला हा तर्क या सगळ्या कहाणीतला सर्वांत देखणा वाटतो. एकही महागडं उपकरण न वापरता, फक्त दोन समीकरणं शेजारी ठेवून आलेलं उत्तर आहे ते.

रॉबर्ट हिल यांनी केंब्रिजमध्ये १९३७ मध्ये पानांतून हरितलवकं, म्हणजे पेशींतले हरितद्रव्य असलेले हिरवे कण, वेगळी काढली. कार्बन डायऑक्साइड दिलाच नाही, त्याऐवजी इलेक्ट्रॉन घेऊ शकेल असा लोहाचा क्षार दिला आणि उजेड पाडला. ऑक्सिजन आला. चौथ्या पायरीतला चुकीचा निष्कर्ष इथेच कोसळतो.

शेवटचा शिक्का १९४१ मध्ये बसला. बर्कलीत सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला या शैवालाला असं पाणी दिलं ज्यात ऑक्सिजन-१८ हा जड अणू जास्त होता. बाहेर आलेल्या वायूत जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याशी जुळलं.

६. प्रकाश कुठे पडतो ते ओळखा

हरितलवकात चपट्या पिशव्यांसारखी पटलं असतात, त्यांना थायलॅकॉइड म्हणतात. त्या पटलात प्रथिनांचा एक मोठा समूह बसलेला असतो, फोटोसिस्टिम दोन. नाव "दोन" असलं तरी काम पहिलं याचंच. शोध लागण्याच्या क्रमाने क्रमांक पडले, त्यावरून गोंधळू नका.

आजूबाजूचे हरितद्रव्याचे रेणू प्रकाश टिपतात आणि ऊर्जा मध्यावरच्या खास हरितद्रव्याकडे सरकवतात. त्याचं नाव पी६८०, कारण ते ६८० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला प्रतिसाद देतं. ऊर्जा मिळताच पी६८० आपला एक इलेक्ट्रॉन शेजारच्या फिओफायटिनला देतं, तिथून तो प्लास्टोक्विनोनकडे जातो. हे दोन्ही इलेक्ट्रॉन पुढे नेणारे वाहक रेणू.

इलेक्ट्रॉन गेलेलं पी६८० हा सजीवांत माहीत असलेला सर्वांत जबरदस्त ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा. पाण्यातून इलेक्ट्रॉन काढायला पीएच ७ ला ०.८२ व्होल्टची ओढ लागते, आणि याची ओढ १.२ व्होल्टच्या आसपास असते. दोहोंमध्ये टायरोसिन नावाचं एक अमिनो आम्ल मध्यस्थ म्हणून उभं असतं: पी६८० टायरोसिनकडून घेतं, टायरोसिन मँगनीजच्या गाभ्याकडून (पाणी फोडणारा धातूंचा छोटा पुंजका, त्याची रचना आठव्या पायरीत), आणि गाभा पाण्याकडून. परीक्षेत हा क्रम उलटा लिहिणारे फार, म्हणून तो शेवटाकडून, पाण्यापासून पाठ करा.

७. चारची मोजणी समजून घ्या

इथे थांबून वेळ द्या.

दोन पाण्याचे रेणू फुटून एक ऑक्सिजन रेणू तयार होतो तेव्हा ४ इलेक्ट्रॉन आणि ४ प्रोटॉन सुटतात. पण पी६८० एका प्रकाशकणाला एकच इलेक्ट्रॉन हलवतं. म्हणजे पाण्यावरची ओढ चार वेळा साठवल्याशिवाय ऑक्सिजन सुटू शकत नाही. एकेक करून पाणी अर्धवट फोडलं असतं तर वाटेत अत्यंत दाहक रेणू तयार झाले असते आणि पानाचीच नासाडी झाली असती.

दादर किंवा अंधेरी स्टेशनबाहेरची शेअर टॅक्सी आठवा. चार सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. पहिला प्रवासी कितीही घाईत असो, तो बसून राहतो. चौथा बसला की गाडी सुटते, आणि लगेच रिकामी गाडी पुढे लागते. मँगनीजचा गाभा नेमकं हेच करतो. प्रत्येक प्रकाशकणामागे एक सीट भरते, चार झाल्या की ऑक्सिजन सुटतो आणि मोजणी शून्यावर येते.

हे कळलं कसं? पिएर जोलिओ यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे अतिशय छोटे झोत एकामागून एक टाकले आणि प्रत्येक झोताला किती ऑक्सिजन आला ते मोजलं. पहिल्या झोताला जवळजवळ काही नाही. दुसऱ्यालाही नगण्य. तिसऱ्याला भरपूर. त्यानंतर दर चार झोतांनी पुन्हा उंची: सातव्याला, अकराव्याला. १९७० मध्ये बेसेल कोक आणि सहकाऱ्यांनी याचा अर्थ लावला. गाभ्याच्या अवस्था त्यांनी एस-शून्य ते एस-चार अशा मांडल्या.

पहिली उंची चौथ्या झोताला नसून तिसऱ्याला का, हा प्रश्न गटातल्या मुलांना सोडवायला द्या, लगेच उत्तर सांगू नका. उत्तर असं: अंधारात गाभा बहुतांशी एस-एक या अवस्थेत स्थिर राहतो, एक सीट आधीच भरलेली असते. म्हणून तीन झोत पुरतात. काही गाभे अंधारातही एस-शून्यात असतात, त्यामुळे चौथ्या झोतालाही बरा ऑक्सिजन येतो. आणि काही झोत वाया जातात, काही ठिकाणी एकदम दोन पायऱ्या होतात, म्हणून वीसेक झोतांनंतर उंचसखलपणा पुसट होऊन रेघ सपाट होते. वहीत आडव्या अक्षावर झोत आणि उभ्या अक्षावर ऑक्सिजन असा आलेख हाताने काढा. छापील आलेख बघण्यापेक्षा तो काढताना समजतं.

८. गाभ्याची रचना

४ मँगनीज, १ कॅल्शियम आणि त्यांना जोडणारे ५ ऑक्सिजन, एवढा हा गाभा. तीन मँगनीज आणि कॅल्शियम मिळून वेडावाकडा घन होतो, चौथा मँगनीज त्याच्या बाहेर लोंबतो. एकूण आकार वाकड्या खुर्चीसारखा दिसतो असं वर्णन संशोधकांनीच केलं. जवळ क्लोराइडही लागतं. २०११ मध्ये जपानमधल्या जियान-रेन शेन, नोबुओ कामिया आणि सहकाऱ्यांनी उष्ण पाण्यात राहणाऱ्या एका सायनोबॅक्टेरियातल्या (प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू) फोटोसिस्टिम दोनचे स्फटिक करून क्ष-किरणांनी १.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाईने ही रचना दाखवली, तेव्हा पाचही ऑक्सिजन जागच्या जागी दिसले.

सायनोबॅक्टेरिया असो, शैवाल असो की आपला पालक, गाभा हाच. निसर्गाने पाणी फोडण्याची ही एकच रचना सगळीकडे वापरली आहे.

या कामाची किंमतही मोठी असते. गाभा ज्यात बसतो ते डी-एक नावाचं प्रथिन सततच्या जोरदार प्रकाशात बिघडतं, आणि पान ते काढून टाकून नवं बसवत राहतं. हे दुरुस्तीचं काम भर उन्हात अखंड चालू असतं. सावलीत वाढलेली कुंडी एकदम गच्चीवर नेऊन ठेवली की पानं फिकी पडतात, त्यामागे बिघाडाचा वेग दुरुस्तीपेक्षा जास्त होणं हे एक कारण आहे. कुंडी थोडी थोडी उन्हात सरकवा.

९. सुटलेल्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचं काय होतं

प्रोटॉन थायलॅकॉइडच्या आत साठतात, आतला भाग बाहेरच्यापेक्षा आम्लधर्मी होतो, आणि ते प्रोटॉन बाहेर पडताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतं. इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोनपासून पुढे फोटोसिस्टिम एककडे जातात, तिथे दुसऱ्या प्रकाशकणाचा जोर घेऊन एनएडीपी या वाहक रेणूला मिळतात. म्हणून एका ऑक्सिजन रेणूमागे किमान ८ प्रकाशकण लागतात, ४ इथे आणि ४ तिथे. ४ हा आकडा लिहून मोकळे होऊ नका.

आता चौथ्या पायरीतला प्रश्न. एनएडीपीने घेतलेले इलेक्ट्रॉन शेवटी कार्बन डायऑक्साइडपासून साखर करायला खर्च होतात. कार्बन डायऑक्साइड नसेल तर ते खर्च होत नाहीत, सगळे वाहक भरून जातात आणि मागे पी६८० ला इलेक्ट्रॉन द्यायला जागाच उरत नाही. पाणी फुटणं थांबतं. सोडा नसलेल्या ग्लासात ऑक्सिजनचा स्रोत संपलेला नव्हता, इलेक्ट्रॉनची वाट तुंबली होती. हिल यांनी लोहाचा क्षार देऊन हीच वाट मोकळी केली होती.

१०. पुढची पायरी: कॉलेजच्या प्रयोगशाळेत हिलचा प्रयोग

हा घरी करू नका. सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र), बर्फ, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आणि डीसीपीआयपी नावाचं निळं रंगद्रव्य लागतं. ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांकडे आधी लेखी परवानगी मागा. अर्जात प्रयोगाचं नाव, रसायनांची यादी, किती वेळ लागेल आणि सोबत कोणते शिक्षक असतील हे लिहा. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या नोंदींची वही जोडा. वही नीट असेल तर शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. ज्यांना कॉलेजचा आधार नाही त्यांनी चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेचे आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे जाहीर कार्यक्रम बघत राहावेत.

पालक बर्फासारख्या थंड बफरमध्ये वाटून मलमलच्या कापडातून गाळतात आणि फिरवून हरितलवकं खाली बसवतात. त्यात डीसीपीआयपी घालून उजेडात ठेवलं की पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन ते घेतं आणि निळा रंग जातो, खाली हरितलवकांचा हिरवा तेवढा उरतो. सगळं थंड ठेवा. वाटण कोमट झालं की हरितलवकं काम सोडतात.

पालकात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि तेही डीसीपीआयपीचा रंग घालवतं, अगदी अंधारातसुद्धा. म्हणून फिरवल्यानंतर वरचं पाणी पूर्ण ओतून द्या, खालचा हिरवा गाळ ताज्या बफरमध्ये पुन्हा मिसळून आणखी एकदा फिरवा. मग तीन नळ्या लावा: एक उजेडात, एक चांदीच्या वर्खासारख्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली, आणि एक उजेडात पण उकळलेल्या हरितलवकांची. गुंडाळलेल्या नळीतला निळा टिकला आणि उकळलेलीतलाही टिकला, तरच पहिल्या नळीची वेळ वहीत लिहा. गुंडाळलेल्या नळीत रंग गेला असेल तर गाळ पुन्हा धुऊन प्रयोग नव्याने लावा.